केमोत केस जाणार हे नक्की. तयारी कधी आणि कशी करावी? (गुहागर, पहिला डोस पुढच्या सोमवारी)

खाडीकाठ

वहिनी, वय ४६. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जखम भरली. आता केमो. फायलीत असं लिहून दिलंय: एसी चार डोस, दर २१ दिवसांनी, मग पॅक्लिटॅक्सेल दर आठवड्याला एक, असे १२, त्यानंतर रेडिएशन आणि पुढे काही वर्षं गोळी. पहिला डोस पुढच्या सोमवारी. तिथून बरोबर आठ आठवड्यांनी गणेश चतुर्थी. घरचा गणपती, गौरी, मुंबईहून येणारे चाकरमानी. पंचवीसएक माणसं आठवडाभर घरात.

केस कमरेपर्यंत, दाट. सासूबाईंचं म्हणणं, केमो संपेपर्यंत केस धुवायचे नाहीत, फणी लावायची नाही, खोबरेल चोपडून घट्ट वेणी घालून ठेवायची म्हणजे कमी गळतील. शेजारचे म्हणतात, आत्ताच न्हाव्याला बोलावून वस्तऱ्याने तुळतुळीत करून टाका. कुणी कांद्याचा रस सांगतं, कुणी बायोटिनच्या गोळ्या. थंड टोपी घातली तर केस जातच नाहीत असंही कानावर आलंय.

केस कितव्या दिवशी जातात आणि सगळे जातात का? कापायचे तर कधी? केसांचा टोप (विग) घ्यावा का, कसला, या दमट हवेत टिकेल का, तिच्याच केसांचा होईल का? घरात चूल आहे, ती स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाते, हे धरून सांगा. धीर देणारं लिहू नका, ते घरात पुष्कळ मिळतंय.

डेकेअर_परिचारिका

तारखांपासून सुरू करते, कारण सगळी तयारी त्यावरच बसवायची आहे.

एसी म्हणजे डॉक्सोरुबिसिन (ते लाल औषध, डोसानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे) आणि सायक्लोफॉस्फमाइड. या जोडीवर डोक्यावरचे केस जवळजवळ नक्की जातात. "माझ्या नणंदेचे नाही गेले" असं कुणी सांगितलं तर तिचं औषध वेगळं असणार. कारण साधं आहे. केमो भराभर विभागणाऱ्या पेशींवर घाव घालते. डोक्यावरच्या शंभरातल्या पंच्याऐंशी-नव्वद केसांची मुळं कुठल्याही दिवशी वाढीच्याच अवस्थेत असतात, म्हणून ती सापडतात. विभागणी मंदावली की केसाचा दांडा त्या ठिकाणी बारीक होतो आणि टाळूलगत मोडतो. भुवया-पापण्यांचे बहुतेक केस एका वेळी विश्रांतीत असतात, म्हणून त्या उशिरा जातात. बऱ्याचदा पॅक्लिटॅक्सेलच्या मधल्या टप्प्यात, "आता सगळं झालं" असं वाटायला लागल्यावर. मुळाशी असलेल्या ज्या पेशींपासून केस पुन्हा उगवतो त्या सहसा शाबूत राहतात.

दिवस १४ ते २१ च्या दरम्यान गळती सुरू होते. त्याआधी एक-दोन दिवस टाळू दुखते. घट्ट वेणी बरेच दिवस बांधून सोडल्यावर दुखते तशी, उशी टेकवत नाही इतकी. ती खूण समजा. एकदा सुरुवात झाली की आठवड्याभरात बहुतेक केस जातात, म्हणजे दुसऱ्या डोसाच्या आसपास. काखेतले, हातापायांवरचे आणि नाकातलेही जातात. नाकातले गेल्याने नाक पाण्यासारखं गळतं, त्याला सर्दी समजून औषधं घेऊ नका. खिशात रुमाल ठेवा.

आता सासूबाईंचा सल्ला. माया खरी, पण याने नुकसान होतं. गळलेला केस जमिनीवर पडला तर बरंच. न विंचरलेल्या, तेलकट, घट्ट वेणीत तो पडतच नाही. अजून मुळाशी असलेल्या केसांत अडकतो. चार दिवसांत नमदा तयार होतो, वरून पाणी पडलं की तो आवळतो. मग तो ओढून सुटत नाही, कात्रीही आत शिरत नाही, आणि टाळू तर आधीच दुखरी. आपल्याकडे जट आली की देवीचं नाव निघतं आणि कापायला कुणी धजत नाही. ही जट देवीची नाही, गळलेल्या केसांचा गुंता आहे. घरात हे आधीच बोलून ठेवा, ऐन वेळी वाद नको.

कापणं दोन टप्प्यांत करा. पहिला टप्पा पहिल्या डोसाच्या आधी, या शनिवार-रविवारी: कानाच्या पाळीपर्यंत. (वेणी कशी कापायची ते टोपवाले सांगतील, त्यांच्यासाठी जागा सोडते.) दुसरा टप्पा टाळू दुखायला लागल्यावर किंवा मूठभर केस हाती आल्यावर: ट्रिमरला ३ ते ५ मिलिमीटरची फणी लावून सगळीकडून सारखे. वस्तरा नाही, दाढीचं ब्लेड नाही. प्रत्येक डोसानंतर दिवस १० ते १४ ला रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. वस्तऱ्याचा न दिसणारा ओरखडाही त्या आठवड्यात जंतूंना दार उघडून देतो. ट्रिमर घरचा, पातं डेटॉलच्या नव्हे तर स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेलं आणि सुकलेलं. सलूनमध्ये जायचं असेल तर यंत्र आपलं न्या.

धुणं: आठवड्यातून दोनदा, कोमट पाणी, लहान मुलांचा शाम्पू चहाचा एक चमचा मगभर पाण्यात कालवून. विहिरीच्या पाण्याने काही बिघडत नाही. पावसाळ्यात गढूळ येत असेल तर उकळून, निवळून घ्या. खरखरीत टॉवेल घासू नका, जुन्या पंचाने टिपा. रिठा-शिकेकाई एरवी चांगली असेल, पण पापण्या गेल्यावर ते पाणी डोळ्यांत सरळ उतरतं. डोकं टेकायला मऊ सुती अभ्रा, आणि गळतीच्या आठवड्यात रात्री हलकी सुती टोपी. सकाळी टोपी उलटी करून झटकली की काम झालं. मोरीच्या जाळीवर जुन्या पायमोज्याचा तुकडा बांधा. कमरेपर्यंतचे केस पाइपात गेले तर प्लंबर शोधत फिराल.

केस मोडून मागे बारीक काटे राहतात, ते टोपीत टोचतात. कपड्यांवरची धूळ काढायचा चिकट रोलर मिळतो, तो हलक्या हाताने फिरवा. दाबू नका.

आणि आता चतुर्थी. तिसरा डोस सहाव्या आठवड्यानंतर येतो, चतुर्थी आठव्यानंतर. म्हणजे चतुर्थी तिसऱ्या डोसानंतर चौदाव्या दिवशी, पांढऱ्या पेशी नेमक्या तळाला असताना. केसांपेक्षा हे महत्त्वाचं म्हणून लिहिते. मुंबईहून सर्दी-खोकला घेऊन आलेल्यांनी तिच्या खोलीत जायचं नाही. शिळं निर्माल्य, फुलदाणीतलं जुनं पाणी तिने काढायचं नाही. ताप १००.४ फॅरनहाइट (३८ सेल्सिअस) झाला की पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री रुग्णालय. विसर्जनाच्या दिवशी गुहागर-चिपळूण रस्ता कसा असतो ते तुम्हाला सांगायला नको, तेव्हा गाडी आणि चालवणारा आधी ठरवून ठेवा. तारीख मागेपुढे करायची झाली तर ते डॉक्टर ठरवतील. सणासाठी स्वतः डोस पुढे ढकलू नका.

टोप_आणि_गंगावन

वेणीपासून. केस धुवून पूर्ण वाळवा, अगदी कोरडे. तेल नको. चार ते सहा भाग करा, प्रत्येकाला मानेशी रबर लावून वेणी घाला, खाली पुन्हा रबर. वरच्या रबराच्या वर बोटभर जागा सोडून कापा. सगळ्या केसांची एकच जाड वेणी कापली की कात्री तिरकी जाते आणि दोन-तीन इंच वाया जातात. ओल्या केसांची वेणी बांधून ठेवली तर या हवेत आठवड्यात बुरशी.

तिच्याच केसांचा पूर्ण टोप? एकटीच्या केसांत होत नाही. टोपाला अनेक जणींच्या वेण्या लागतात; विंचरून, निवडून, मुळाची आणि शेंड्याची बाजू जुळवून घेताना बराच माल गळतो. पण कमरेपर्यंतच्या केसांची झालर नक्की होते. झालर म्हणजे कपाळ, कानांच्या बाजू आणि मान एवढ्याच भागात केस शिवलेली पट्टी, माथा उघडा. वरून रुमाल किंवा टोपी बांधली की बाहेर दिसतात ते केस तिचे स्वतःचे. माथ्याला वारा लागतो. कोकणातल्या घामात पूर्ण टोपापेक्षा झालर मला कितीतरी पटीने बरी वाटते, आणि नवल असं की ती कुणी विचारतच नाही. सगळ्यांना टोपच हवा असतो. झालरीसाठी किमान १२ इंच लांबी हवी, तुमच्याकडे भरपूर आहे. मात्र हातकाम आहे, वेळ लागतो. वेणी कापल्या कापल्या कारागिराकडे द्या.

पूर्ण टोप घ्यायचाच असेल तर दोन प्रकार:

कृत्रिम धाग्याचा: हलका, स्वस्त, धुतला की मूळ वळणावर येतो, पावसाळी हवेत फुगत नाही. शत्रू एकच, उष्णता.

खऱ्या केसांचा: दिसायला सरस, रंगवता-वळवता येतो, पण आपल्या केसांसारखाच दमट हवेत फुगतो, धुतल्यावर पुन्हा बसवावा लागतो, जड, आणि किंमत कितीतरी जास्त. सहा-आठ महिन्यांच्या वापरासाठी बहुतेकींना याची गरज नसते.

दोन्हींत आतली टोपी उलटून बघा. यंत्रावर शिवलेल्या पट्ट्या असतील तर हवा खेळते पण शिवण टोचते. भांगाच्या जागी पातळ जाळीवर एकेक केस हाताने गुंफलेला असेल तर भांग खरा दिसतो आणि टाळूला मऊ लागतो. मला विचाराल तर माथ्यावर जाळी, मागे पट्ट्या. आत सुती अस्तरटोपी घालायचीच. अशा तीन हव्यात, एक डोक्यावर, एक धुण्यात, एक वाळत.

माप: शिंप्याची टेप कपाळावरच्या केसांच्या रेषेपासून कानाच्या वरून मानेच्या खळग्यापर्यंत आणि परत. बायकांचं बहुधा ५४ ते ५७ सेंटिमीटर भरतं. दाट केसांवर घेतलेलं माप केस गेल्यावर सैल पडतं, म्हणून मागे आवळायच्या पट्ट्या असलेलाच घ्या. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप दुखऱ्या टाळूला लावू नका. निवड केस असतानाच करा, आणि भांगाचा, कपाळाचा, भुवयांचा उजेडातला जवळून फोटो काढून ठेवा. पुढे भुवया पेन्सिलीने काढताना तोच कामाला येतो.

जपणूक: दहा-पंधरा वेळा वापरल्यावर एकदा धुवा. कोरड्यावर रुंद दातांच्या फणीने शेंड्याकडून वर सोडवा, थंड पाण्यात टोपणभर शाम्पू टाकून दहा मिनिटं बुडवा, चोळू नका, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पंख्याखाली उलट्या तांब्यावर वाळवा. जून ते सप्टेंबर हे वाळायला दोन दिवस घेतं, तेव्हा चतुर्थीच्या आदल्या रात्री धुवायला काढू नका.

दशावतारातला स्त्रीपार्टी वापरतो तसला लांब टोप आणू का, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच सांगतो: तो कंदिलाच्या उजेडात लांबून बघण्यासाठी असतो. दिवसभर डोक्यावर ठेवण्याची ती वस्तू नव्हे.

माडाखालचो

एक सांगूचा रवला. चूल!

कृत्रिम धागो आगीत जळूक नको, नुसती धग लागली तरी पुढचे केस चुरमुरतत आणि परत सरळ होनत नाय. चुलीत फुंकणी घालताना, भाकरी भाजताना, आणि मोदकपात्राचा झाकण काढताना ती वाफ सरळ कपाळार येता. स्वयंपाकघरात सुती रुमाल, टोप नको. आरतीक कापूर पेटवल्यावर तबकार वाकू नका, आरती दुसऱ्यान धरूची, वहिनीन नुसते हात फिरवन घेवचे.

रानवाट

माझं मत: ट्रिमर वगैरे कशाला? वस्तऱ्याने दोन-तीनदा तुळतुळीत केलं की मुळं मजबूत होतात, जावळ काढल्यावर बाळाचे केस दाट येतात तसंच. आणि वर कांद्याचा रस. नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?

औषधांची_पेटी

रानवाट, जावळाने केस दाट होत नाहीत. बाळाचे केस त्या वयात तसेही जाड होत जातात, आणि कापलेल्या केसाचं टोक बोथट असल्याने हाताला राठ लागतं. वस्तरा फिरतो कातडीच्या वर, मूळ असतं कातडीच्या खाली काही मिलिमीटर. त्याला वरचं काही कळत नाही. वस्तरा का नको ते परिचारिकाताईंनी लिहिलंच आहे. कांद्याचा रस निरोगी टाळूलाही झोंबतो. केमोतल्या पातळ कातडीवर पुरळ आणि फोड उठवतो. मिरचीही नैसर्गिकच.

बाकीच्या गोष्टी एकेक करून.

खोबरेल: धुतल्यानंतर टाळू कोरडी पडत असेल तर चार-पाच थेंब, तळहातावर चोळून. एवढंच. चोपडलेलं तेल आणि घाम मिळून मुळांची तोंडं बुजतात, मग पिवळ्या टोकांच्या बारीक पुळ्या येतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हा प्रकार फार. जास्वंद-माक्याचं तेल याच हिशेबात धरा; केस थांबवत नाही, जाडसर असल्याने धुऊन निघत नाही. भेगांना लावायचं कोकम तेल तर टाळूपासून लांबच ठेवा. पुळ्या आल्या तर दाखवा. गोल, खाजरे चट्टे असतील तर तो नायटा. त्यावर दुकानातून स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मलम स्वतःहून आणू नका. आठवडाभर बरं वाटतं, मग पसरतो.

बायोटिन: केमोची गळती थांबवत नाही. तोट्याची बाजू अशी की मोठ्या मात्रेत ते काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकवतं, थायरॉइड आणि हृदयविकारात बघतात ते ट्रोपोनिन यांत विशेष. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. डॉक्सोरुबिसिन हृदयावर ताण आणू शकतं, म्हणून या बाईंच्या हृदयाच्या तपासण्या होणारच. तिथे आकडे बिघडलेले नकोत. इतर "केस-त्वचा-नखं" गोळ्यांतही बायोटिन असतं, डबीवरचं बारीक अक्षर वाचा. जडीबुटीच्या गोळ्या-काढे सुरू असतील तर नावासकट डॉक्टरांना सांगा.

मिनॉक्सिडिल (केस उगवायला टाळूला लावतात ते औषध): गळती थांबत नाही, पण केस परत येण्याचा काळ काही आठवड्यांनी कमी होतो असं लहान चाचण्यांत दिसलं आहे. केमोच्या मध्यात, सोललेल्या टाळूवर सुरू करू नये. संपल्यावर, विचारून.

थंड टोपी: थोतांड नाही, पण तुमच्या बाबतीत हिशेब नीट करा. डोक्याला घट्ट बसणाऱ्या टोपीतून गार द्रव फिरवतात, टाळू २२ अंशांच्या खाली जाते, रक्तवाहिन्या आकसतात, मुळांपर्यंत औषध कमी पोचतं आणि तिथल्या पेशीही मंदावतात. औषध सुरू होण्याआधी अर्धा तास, चालू असेपर्यंत, आणि संपल्यावर साधारण दीड तास. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत टोपी घातलेल्या ९५ जणींपैकी ४८ जणींचे निम्म्याहून अधिक केस टिकले. न घातलेल्या ४७ पैकी एकीचेही नाहीत. पण टॅक्सेन गटावर (पॅक्लिटॅक्सेल त्यातलंच) यश जास्त आणि एसीसारख्यांवर बरंच कमी. तुमच्या वेळापत्रकात एसी आधी आहे. म्हणजे यंत्र पहिल्याच डोसाला हवं. केस गेल्यावर पॅक्लिटॅक्सेलला टोपी घालून गेलेले परत येत नाहीत. हे यंत्र मोठ्या शहरांतल्या काही ठिकाणीच असतं. त्यासाठी दर वेळी मुंबई गाठायची, प्रत्येक बैठकीला दोन तास जास्त, डोकं ठणकणार, गारठा, आणि वेगळा खर्च. मी असतो तर तो पैसा झालर आणि दोन चांगल्या रुमालांत घातला असता. (रक्ताच्या कॅन्सरमध्ये ही टोपी वापरतच नाहीत, कारण कॅन्सरच्या पेशी टाळूच्या रक्तातही असतात.) फ्रिजमधल्या बर्फाच्या पिशव्या बांधून घरगुती प्रयोग करू नका, कातडी गोठून जखम होते.

सुपारीची_बाग

याच धाग्यात विचारतो. वडिलांना फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी रोज जेफिटिनिब गोळी आहे. केस गेले नाहीत, उलट कुरळे-कोरडे झाले आणि पापण्या वाढून डोळ्यांत जातायत. हे बरोबर आहे का?

औषधांची_पेटी

हो, याच गोळीचं काम. ती पेशींवरच्या ज्या वाढीच्या खुणेला अडवते ती कातडीत आणि केसांच्या मुळांतही असते. पापण्या लांब, वाकड्या, कधी आत वळलेल्या होतात. चिमट्याने उपटू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून दर तीन-चार आठवड्यांनी टोकं छाटून घ्या. डोळा लाल, दुखरा, उजेड सहन होत नसेल तर त्याच दिवशी दाखवा, बुबुळावर ओरखडा असू शकतो. गोळी स्वतःहून बंद करू नका.

एकूणच "केमो म्हणजे टक्कल" हे समीकरण ढोबळ आहे. डोसेटॅक्सेल, इटोपोसाइड, एपिरुबिसिन, आयफॉस्फमाइड यांवर बहुधा सगळे जातात. जेमसिटाबिन, कार्बोप्लॅटिन, कॅपेसिटाबिन गोळ्या यांवर एकट्याने दिल्या तर विरळ होतात किंवा कळतही नाही. रेडिएशनने फक्त किरण जिथून जातात तिथले जातात. स्तनाच्या रेडिएशनने डोक्याचे जाणार नाहीत.

खाडीकाठ

खूप उपयोग झाला. वेण्या रविवारी कापतोय, झालरीचं ठरलं. तीन गोष्टी राहिल्या: रुमाल कसा बांधायचा, हेल्मेटचं काय, आणि नंतर केस येतात ते कसे? सासूबाईंना अजून एक टोचतंय. सवाष्णीचं डोकं मोकळं बघून लोक केशवपनाचं बोलतील, किंवा घरात कोण गेलं विचारतील.

डेकेअर_परिचारिका

सासूबाईंना इतकंच सांगा की म्हणूनच आपण वस्तरा लावत नाही आहोत, ट्रिमरने बारीक करतोय. कधीकधी हा युक्तिवाद वैद्यकीय कारणापेक्षा लवकर पटतो. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्या तशाच असतात, आणि कपाळावरच्या काठावर रुमाल असला की डोक्याकडे फारसं कुणी बघत नाही. बाहेरच्यांना एकच वाक्य, "औषधाने केस गेले," आणि विषय बदला.

रुमाल: सुती मलमल, एक मीटर चौरस. जुन्या, धुऊन धुऊन मऊ पडलेल्या लुगड्याचा तुकडा यासारखा दुसरा नाही. शिंप्याकडून कडा आतल्या बाजूने नव्हे तर बाहेरच्या बाजूने दुमडून शिवून घ्या म्हणजे शिवण टाळूला लागत नाही. रेशीम, सॅटिन, नायलॉन घसरतं. कर्णावर दुमडून त्रिकोण करा, दुमडीची कड आणखी दोन बोटं आत मुडपा, ती कपाळावर भुवयांच्या चार बोटं वर ठेवा. मागचं टोक मानेवर सोडा, बाजूची दोन टोकं त्या टोकाच्या वरून मानेच्या खळग्यात एकदा गाठ, मग पीळ देऊन अंबाड्यासारखी गुंडाळून शेवट आत खोचा. डोकं सपाट दिसतं अशी तक्रार असते; त्यासाठी आत सुती अस्तरटोपी आणि माथ्याच्या मागच्या बाजूला एक घडी केलेला पातळ पंचा ठेवा, उंची येते. टाचणी नको, सेफ्टी पिन नको.

पावसाळ्यात खरा त्रास रुमाल न वाळण्याचा. ओलसर टोपी-रुमाल घालणं म्हणजे नायट्याला आवतण. रोज एक लागतो, तेव्हा सहा-सात शिवून घ्या, आणि बाहेरून वाळल्यासारखे वाटले तरी इस्त्री फिरवूनच डोक्यावर घ्या. इस्त्री करून लगेच घडी घालू नका, पाच मिनिटं पंख्याखाली.

हेल्मेट: मोकळ्या टाळूवर आतला फोम घासतो, घाम धरतो. आत सुती टोपी घाला, अस्तर निघणारं असेल तर आठवड्याला धुवा. टोपावर हेल्मेट घालू नका, भांग सरकतो आणि हेल्मेटही सैल बसतं. शाळेत पोचून टोप घालायचा. पेशी तळाला असलेल्या दिवसांत स्कूटीच नको, पडलात तर जखम भरायला वेळ लागतो. ऊन असेल तेव्हा छत्री किंवा रुंद काठाची टोपी. उघडी टाळू पहिल्यांदाच ऊन बघते, वीस मिनिटांत भाजते. सनस्क्रीन लावा, एसपीएफ ३० किंवा जास्त, दोन तासांनी पुन्हा.

पापण्या गेल्या की वाऱ्यातली वाळू थेट डोळ्यांत. साधा चष्मा लावायचा. घरचं काजळ त्या काळात बंद. भुवया गोंदवून घ्यायच्या असतील (पार्लरवाल्या मायक्रोब्लेडिंग म्हणतात) तर केमो चालू असताना नाही, सुया आहेत त्या.

परत येणं: शेवटच्या पॅक्लिटॅक्सेलनंतर तीन-चार आठवड्यांनी लव दिसते, अगदी जावळासारखी. कुणाकुणाला साप्ताहिक डोस चालू असतानाच थोडी उगवते. दोन-तीन महिन्यांत डोकं झाकल्यासारखं होतं, पुढे महिन्याला साधारण सेंटिमीटर. म्हणजे कमरेपर्यंत पोचायला वर्षं लागतील हे आत्ताच सांगून ठेवा. पहिले केस बऱ्याचदा कुरळे, राखाडी किंवा वेगळ्याच पोताचे असतात. बहुतेकींचे वर्षभरात कापत कापत पूर्वीसारखे होतात. दाट व्हावेत म्हणून पुन्हा भादरायचे नाहीत, फक्त कडा सारख्या करा.

रंग: किमान इंचभर केस आणि सहा महिने. "काळी मेंदी" म्हणून मिळते तिच्यात पीपीडी हे रसायन असतं, टाळू फुटते. नुसत्या पानांची मेंदी चालेल, तीही आधी कानामागे लावून ४८ तास बघून.

गोळी सुरू झाल्यावर (४६ व्या वर्षी बहुधा टॅमॉक्सिफेन) भांगाशी आणि कपाळावर थोडी विरळता येऊ शकते. त्यासाठी गोळी सोडणाऱ्या बायका असतात. सोडायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. केमो संपून सहा महिने झाले तरी टाळू ठळक दिसत असेल तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा; थायरॉइड, लोह बघतील. क्वचित काहींचे पूर्ण परत येत नाहीत, डोसेटॅक्सेलनंतर हे जास्त नोंदलं गेलंय. वहिनींना ते औषध नाही.

टोप_आणि_गंगावन

रविवारी कापताय म्हणून एवढंच. कापलेल्या वेण्या प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, आत घाम धरतो. वर्तमानपत्रात सरळ गुंडाळा, दुमड नको, मग सुती पिशवी. पिशवीत कोरड्या तांदळाची पुरचुंडी ठेवा, आठवड्याला बदला. डांबराच्या गोळ्या नकोत, तो वास केसांतून जात नाही आणि केमोत मळमळतं. मुळाची बाजू कुठली ते दोऱ्याने खूण करून ठेवा. शेंडा-मूळ उलटं लागलं तर झालर पहिल्याच धुण्यात गुंतते आणि मग ती सुटत नाही.